मिरजेचे वॉन्लेस डॉक्टर

कर्जत सोडून रेल्वेगाडी बोरघाट चढू लागली की खाली उल्हास नदीचे खोरे दिसू लागते. राजमाचीच्या पायथ्याशी, याच खोऱ्यातल्या झाडीत कोंडाणे गावची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे बौद्ध भिक्खू राहत असत. दर्शनी भागातील ब्राह्मी लेखात कान्ह नावाच्या गुरूचा शिष्य बालक याचे नाव कोरलेले आहे. तो कोठून आला, घरदार सोडून या रानात का राहिला, हे लेख सांगत नाही. श्रद्धेपायी आपला मुलूख सोडणारी माणसे या घाटवाटेने फार पूर्वीपासून पाहिली आहेत.

१८८९ च्या अखेरीस एक कॅनेडियन डॉक्टर आपल्या नवपरिणीत पत्नीसह हिंदुस्थानात आला. मुंबई बंदरात उतरून देशावर जाणाऱ्याला तेव्हा हाच लोहमार्ग होता. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गावर खंडाळ्याजवळ गाडीची दिशा बदलावी लागे. तो उलटफेर १९२९ पर्यंत चालू होता. डॉक्टरांचे वय होते २४. नाव विल्यम जेम्स वॉन्लेस. पुढे जवळजवळ चार दशके ते दक्षिण महाराष्ट्रात राहिले आणि तेथील लोकांनी त्यांच्या आडनावाचा उच्चार आपल्या जिभेला सोयीचा असा ‘वानलेस’ करून टाकला.

वॉन्लेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते डॉक्टर झाले. त्या वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांमधून एक मोठी लाट उसळली होती. १८८६ पासून शेकडो विद्यार्थी परदेशात मिशनकार्यासाठी जाण्याची प्रतिज्ञा करीत होते. तारुण्यातल्या अशा प्रतिज्ञा पुष्कळदा पहिल्या उन्हाळ्यातच वितळतात. वॉन्लेस यांची वितळली नाही. न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटून सुखाने जगण्याचा मार्ग मोकळा असताना, त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी विवाह करून ते अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले.

त्यांनी प्रथम सांगलीत एक लहानसा दवाखाना काढला. सांगली आणि मिरज ही दोन्ही पटवर्धनांची संस्थाने. भाषा नवी, हवा नवी आणि भोवताली संशय. परदेशी डॉक्टरचे औषध घेतले तर बाटेल का, त्याच्या हातचे पाणी पोटात गेले तर जात जाईल का, असे प्रश्न त्या काळी अगदी खरे होते. शस्त्रक्रियेचे भय तर त्याहून मोठे. पोट फाडून घ्यायला कोण तयार होणार?

हे भय पहिल्यांदा मोडले ते डोळ्यांनी. मोतीबिंदूवर तोपर्यंत इलाज नव्हता असे नाही. गावोगाव फिरणारे काही लोक सुई टोचून डोळ्यातला पिकलेला मोतीबिंदू मागे ढकलून देत. रोग्याला तत्काळ दिसू लागे, लोक थक्क होत आणि तो मनुष्य बिदागी घेऊन पुढच्या गावाला जाई. काही दिवसांनी डोळा सुजे, त्यात पू होई किंवा आतला दाब वाढे आणि होती नव्हती ती दृष्टीही जाई. पण तोवर सुईवाला कितीतरी मैल दूर गेलेला असे. वॉन्लेस मोतीबिंदू ढकलत नसत, काढून टाकीत; आणि तेही हात, हत्यारे व पट्ट्या निर्जंतुक करून. मुख्य म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ते त्याच गावात राहत असत. काही बिघडलेच तर लोकांना त्यांचे दार ठाऊक होते. परक्या डॉक्टरवर विश्वास बसण्यामागे कौशल्याइतकेच हेही कारण असावे, असे मला वाटते. आजा दिसू लागला म्हणून नातू आपली मान दाखवायला आला, नातवाची गाठ गेली म्हणून शेजारची बाई आली. अशी ही कीर्ती पसरली.

मिरज निवडण्यात डॉक्टरांची दूरदृष्टी दिसते. पुण्याहून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग नुकताच तयार झाला होता आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला फाटा निघाला. रोगी आगगाडीने येऊ शकत होता. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. त्यासाठी मोठी देणगी दिली ती फिलाडेल्फियाच्या जॉन कन्व्हर्स यांनी. त्यांचा कारखाना रेल्वेची इंजिने बनवीत असे, हा योगायोग सांगण्याजोगा आहे.

त्यानंतरची वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासातील अतिशय वाईट वर्षांपैकी होत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात त्याने हाहाकार केला आणि मग तो लोहमार्गालगत गावोगाव पसरला. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. गोऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात त्या दिवसांत काय होते, हे रँडच्या वधावरून कळते. अशा काळात गोरा डॉक्टर म्हणून मराठी मुलखात राहणे सोपे नव्हते आणि प्लेगच्या गावात राहणे तर कोणत्याच रंगाच्या माणसाला सोपे नव्हते. ज्याला जमेल तो गाव सोडून माळावर झोपडी बांधत होता. वॉन्लेस यांचे रुग्णालय चालू राहिले.

इतकेच नव्हे, तर १८९७ मध्ये, प्लेगच्या ऐन धामधुमीत, त्यांनी वैद्यकशिक्षणाचा वर्ग सुरू केला. एकटा डॉक्टर किती डोळे उघडणार, हा हिशेब त्यांनी फार लवकर केला होता. निरनिराळ्या मिशनांचे हिंदी तरुण येथे शिकून आपापल्या भागातील दवाखान्यांत गेले. परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. बाईने परक्या रोग्याची शुश्रूषा करावी हेच जेथे समाजाला रुचत नव्हते, तेथे हे काम शस्त्रक्रियेपेक्षा कमी कठीण नव्हते. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली. पुढे चार्ल्स वेल हे तोलामोलाचे सहकारी आले आणि त्यांनी वॉन्लेस यांच्यामागे रुग्णालयाची धुरा वाहिली. त्याच मिशनचे डॉक्टर गोहीन कोकणात वेंगुर्ल्याला सेंट लूक्स रुग्णालयात काम करीत होते. त्यांचा तेथेच जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचा राजदूत झाला.

धर्मांतराचा विषय वगळून वॉन्लेस यांचे चरित्र सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. ते प्रामाणिकपणाचे नव्हे. ते स्वतःला आधी मिशनरी आणि मग डॉक्टर समजत. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होई आणि बाहेर ताटकळणाऱ्या रोग्यांपुढे ख्रिस्ताची कथा सांगितली जाई. लोकांनी येशूला स्वीकारावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती त्यांनी लपवली नाही आणि ज्यांना ती खटकली त्यांचे खटकणेही अकारण नव्हते. परसत्तेच्या सावलीत होणारा धर्मप्रसार पाहून अस्वस्थ होणारे लोक मूर्ख नव्हते.

पण पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. रुग्णालयात हजारो माणसे आली. त्यांतील बहुतेक जण बरे होऊन, डॉक्टरांना हात जोडून, आपल्या आपल्या धर्मात परत गेले. कोणी नृसिंहवाडीला दत्ताच्या पायांवर डोके ठेवायला गेला असेल, कोणी मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात चादर चढवायला, कोणी पंढरीची वाट धरून. ज्या डोळ्यांना ख्रिस्ताच्या नावाने दृष्टी दिली, त्या डोळ्यांनी विठोबा पाहिला. हे वॉन्लेस वर्षानुवर्षे पाहत होते. ज्या हेतूने घर सोडले तो हेतू बहुतेकांच्या बाबतीत सफल होत नाही, हे समजत असतानाही दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या रोग्याच्या डोळ्यापुढे तितक्याच स्थिर हाताने उभे राहायचे, ही त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा होती. प्लेगमध्ये राहणे हे धैर्य खरेच; पण ते काही महिन्यांचे असते. हे दुसरे धैर्य जवळजवळ चाळीस वर्षे पुरवावे लागले.

घरातही त्याची किंमत पडली. १९०६ मध्ये मेरी वॉन्लेस निवर्तल्या. सोळा-सतरा वर्षे त्या या अनोळखी मुलखात पतीबरोबर राहिल्या होत्या. कोल्हापूरचे मेरी वॉन्लेस रुग्णालय त्यांच्या नावाचे. डॉक्टरांनी तरीही मिरज सोडली नाही. पुढे त्यांनी लिलियन हॅवेन्स यांच्याशी विवाह केला. त्यांनीही स्वतःला याच कामात वाहून घेतले.

एव्हाना मिरजेची ओळख बदलली होती. तंतुवाद्यांचे गाव म्हणून ती सर्वांना ठाऊक होतीच. आता दूरदूरच्या खेड्यांतून माणसे दुखणी घेऊन येऊ लागली. संस्थानिकही येत. राजर्षी शाहू महाराजांशी डॉक्टरांचा स्नेह होता. जातिभेदाशी झगडणाऱ्या त्या राजाला सर्व जातींच्या रोग्यांना एकाच हाताने तपासणाऱ्या डॉक्टरविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही. अमेरिकेतील सर्जनांच्या महाविद्यालयाने त्यांना फेलो करून घेतले आणि १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘सर’ ही पदवी दिली.

उतारवयात त्यांनी हाती घेतलेले मोठे काम म्हणजे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. त्याआधी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार. क्षयरोग्याला घरातलेही दूर ठेवीत. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या कोरड्या हवेच्या माळावर हे आरोग्यधाम उभे राहिले. बरे होण्याची हमी कोणालाच देता येत नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत जो चमत्कार दिसे, तो येथे नव्हता. जे जगण्याची शक्यता कमी होती, त्यांच्या उशापाशी बसणे एवढेच पुष्कळदा हाती होते.

१९२८ मध्ये डॉक्टर मिरजेहून निवृत्त झाले. भारतातील कामाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, कॅलिफोर्नियात त्यांचा अंत झाला. लिलियन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९४४ चे. महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा सुरुवातीला विद्यार्थी रोगी तपासायला शिकले ते वॉन्लेस रुग्णालयातच. जुनी माणसे या रुग्णालयाला नुसते ‘मिशन’ म्हणत. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम ज्या माळावर होते, तेथे पुढे वस्ती वाढली, घरे झाली, शाळा झाल्या. त्या वस्तीचे नाव वानलेसवाडी.