दाराबाहेर थांबलेली सोफिया

टॉलस्टॉय हे नाव आपल्या कानावर असतं, पण त्यांच्या बायकोचं नाव विचारलं तर? सोफिया आंद्रेयेव्हना. मॉस्कोतल्या डॉक्टरची मुलगी, जन्म १८४४ चा. अठराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा नवरा चौतीस वर्षांचा होता. तुलाजवळच्या यास्नाया पोल्याना गावी तिनं संसार मांडला. तेरा बाळंतपणं झाली, त्यातली पाच मुलं लहानपणीच गेली. मुलं निजली की नवऱ्याच्या किचकट अक्षरातल्या कादंबऱ्यांच्या ती स्वच्छ प्रती काढायची.

१८८५ मध्ये तिनं त्यांची पुस्तकं स्वतः छापायला घेतली. त्यासाठी पीटर्सबर्गला जाऊन दोस्तोयेव्हस्कीच्या विधवा पत्नीकडून धंद्यातले बारकावे विचारून आली! १८८६ च्या जानेवारीत चार वर्षांचा अलेक्सेई गेला. त्याच मार्चमध्ये टॉलस्टॉयनी एक गोष्ट पूर्ण केली आणि ती सोफियाच्या आवृत्तीत छापून आली. 'इवान इलिचचा मृत्यू' ही ती गोष्ट. तुलाच्या एका न्यायाधीशाच्या मरणावरून ती सुचली होती.

गोष्टीतला इवानही न्यायाधीशच. पडदा लावताना पडतो, कुशीत मार बसतो आणि दुखणं वाढत जातं. डॉक्टर गोलमोल बोलतात, घरचे म्हणतात, होईल बरं. आपण मरणार हे कुणी कबूल करत नाही, याचंच त्याला जास्त दुखतं. एक गेरासिम तेवढा, घरचा नोकर, खोटं बोलत नाही. मालकाला आराम पडावा म्हणून रात्रभर त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो.

पुढे मृत्युपत्रावरून नवरा-बायकोत फार बिनसलं. १९१० मध्ये ८२ व्या वर्षी टॉलस्टॉय रात्रीच घर सोडून निघाले आणि वाटेत अस्तापोवो स्टेशनवर न्यूमोनियानं आजारी पडले. सोफिया धावत आली. पण त्यांना त्रास होईल म्हणून मुलांनी आणि भोवतालच्यांनी तिला आत सोडलं नाही. ती रेल्वेच्या डब्यात राहिली, खिडकीतून डोकावत राहिली. ४८ वर्षांचा संसार, आणि आत घेतलं तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती. २० नोव्हेंबरला ते गेले. नंतर नऊ वर्षं यास्नाया पोल्यानात काढून १९१९ मध्ये तीही गेली.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही आजाऱ्याच्या कानावर आजाराचं नाव जाऊ नये म्हणून सगळं घर धडपडतं. ते मायेपोटीच असतं. पण त्या माणसालाही काही बोलायचं असेल, कुणाला तरी जवळ बोलवायचं असेल. शुद्ध आहे तोवर एकदा विचारावं त्याला.