कासीम रझवी : एका पुढारीपणाचा जमाखर्च

पुढाऱ्याच्या कारकीर्दीचें देणें अखेरीस कोणीं फेडलें, हें पाहिल्यावांचून तिचा हिशेब पुरा होत नाहीं. कासीम रझवी यांचें नांव मराठवाड्यांत व त्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यांत रझाकारांच्या धास्तीसहच उच्चारिलें जातें. राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यांत आहे तो तालुका, किंबहुना सारा नगर जिल्हा, मुंबई इलाख्यांत होता. पण पूर्वेस सरहद्द ओलांडली कीं निजामाचे बीड व औरंगाबाद हे जिल्हे लागत. १९४८ सालीं त्या बाजूनें जीव मुठींत धरून आलेल्या लोकांस इकडच्या मुलखानें आसरा दिला. म्हणून हें चरित्र आमच्या वाचकांस परकें नाहीं.

रझवी यांचा जन्म १९०२ सालचा. अलीगडास शिक्षण घेऊन त्यांनीं लातूर येथें वकिली मांडिली. तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेली ही पेठ व्यापाराची. जेथें पक्षकार सर्व धर्मांचे व उदीम परस्परांच्या पतीवर चाले, तेथील वकिलास शेजारधर्माची किंमत सांगावयास नको होती. परंतु मन राजकारणांत रमलें. १९२७ सालीं स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेस बहादुर यार जंग यांच्या वक्तृत्वानें मोठें बळ आलें होतें. निजामाच्या राज्यांत सार्वभौमत्व मुसलमान समाजाचें आहे, निजाम हें त्याचें प्रतीक, असा संस्थेचा सिद्धांत होता. बहादुर यार जंग १९४४ सालीं वारले. १९४६ सालीं अध्यक्षपद रझवींकडे आलें.

या सिद्धांतांतील खोट सरळ आंकड्यांनीं दिसते. १९४१ च्या शिरगणतींत संस्थानची वस्ती सुमारें १ कोटि ६३ लक्ष होती व तींत मुसलमान सुमारें एक अष्टमांश होते. त्या अष्टमांशांतहि बहुतेक लोक कोष्टी, शेतमजूर, शिपाई अशा पोटासाठीं राबणाऱ्या वर्गांतले. राज्य तुमचें आहे असें सांगून त्यांच्या हातीं दुसरें कांहीं येणार नव्हतें. शस्त्र मात्र आलें. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. पण गांवोगांव लूट व जाळपोळ झाल्यावर त्या शब्दाचा मूळ अर्थ कोणास आठवेना.

ता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं रझवींच्या अनुयायांनीं हैदराबादेंत निजामाच्या शिष्टमंडळांतील गृहस्थांचीं घरें वेढलीं व त्यांचें दिल्लीस जाणें थांबविलें. छत्तारीचे नवाब मुख्य प्रधानकीवरून गेले. मीर लायक अली आले. जैसे थे करार ता. २९ नोव्हेंबरास झाला खरा, पण राज्याची कळ यापुढें दरबाराच्या हातीं राहिली नाहीं. स्वामी रामानंद तीर्थ व स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगांत होते, किंवा सरहद्दीवरून लढत होते.

हा झगडा केवळ हिंदु व मुसलमान यांचा होता, असें मानणें चूक होय. शोएबुल्ला खान हे इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक. संस्थानानें हिंदी संघराज्यांत सामील व्हावें, असें ते निर्भयपणें लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्यें भर शहरांत त्यांचा खून झाला. लेखणीचें उत्तर लेखणीनें देतां येत नाहीं, हें ज्या पक्षानें असें कबूल केलें, त्याचा नैतिक पराभव सैन्य येण्यापूर्वींच झाला होता.

ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, ता. १७ रोजीं निजामानें हार मानिली. रझवी पकडले गेले, बीबीनगर येथील दरोड्याच्या खटल्यांत त्यांस सात वर्षांची सक्तमजुरी झाली, व येरवड्याच्या तुरुंगांतून १९५७ सालीं सुटतांच ते पाकिस्तानांत गेले. कराचींत १९७० सालीं त्यांचें निधन झालें.

परंतु खरें देणें तुरुंगांत फिटलें नाहीं. रझाकारांनीं नाडलेल्या हिंदु कुटुंबांचें नुकसान कोणत्याच शिक्षेनें भरून आलें नाहीं. आणि फौजा आल्यावर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सूड उगविला गेला तो ज्यांनीं कधीं शस्त्र धरलें नव्हतें अशा मुसलमानांवर. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. तो अहवाल सरकारनें कित्येक दशकें दडवून ठेविला, हेंही आपल्या लोकशाहीस भूषणावह नाहीं. सत्य झांकल्यानें जखम भरत नाहीं, आंत चिघळते.

रझवींस न्यायासनासमोर उभें करून वकील देऊन शिक्षा झाली, हें योग्य झालें. त्यांच्या अपराधासाठीं लातूरच्या एखाद्या कोष्ट्यास न चौकशी, न पुरावा, केवळ नांवावरून मारणें, हा रझवींच्याच शिकवणीचा विजय होय. कारण माणूस म्हणजे त्याची जमात, असेंच तेही सांगत होते. आमचे व्यापारी बंधु एका आसाम्याचें देणें दुसऱ्याच्या खातीं कधीं लिहीत नाहींत. जमातीजमातींच्या व्यवहारांतही ही शिस्त पाळली जावी, व शोएबुल्ला खानांचें नांव रझवींच्या नांवाइतकेंच मुलांच्या कानीं पडावें, एवढीच आमची विनंति आहे.