गांधीजींचे पोट आणि रेचकाची सवय

मोहनदास गांधी जोहान्सबर्गमध्ये वकिली करत होते, तेव्हाची गोष्ट. वय पस्तिशीच्या आसपास, कामाचा रगाडा मोठा आणि पोट साफ होत नसे. डोकेही वारंवार दुखे. अधूनमधून रेचक घ्यायचे आणि खाण्याचे पथ्य सांभाळायचे, असे चालले होते. औषधांवर त्यांचा जीव नव्हता, म्हणून ते दुसरी वाट शोधू लागले.

मँचेस्टरमध्ये न्याहारी सोडणाऱ्यांचे मंडळ निघाल्याचे वाचून त्यांनी न्याहारी बंद केली. डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठ राहिले. मग लुई कुन्हे यांचे कटिस्नान झाले. थोडा आराम पडला. शेवटी अडॉल्फ जुस्ट यांच्या पुस्तकातला उपाय केला. गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ माती कापडावर पसरून रात्री पोटावर बांधायची. त्याने गुण आल्याचे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे.

मातीच्या पट्टीने बद्धकोष्ठ जाते, याला आज भक्कम पुरावा नाही. पण साधा आहार, फळे आणि भरपूर चालणेही त्यांच्या अंगवळणी पडत होते. पुढे टॉलस्टॉय फार्मवरून २१ मैलांवरच्या जोहान्सबर्गला ते पायी जात. श्रेय तिकडे अधिक द्यावे लागेल.

आपल्याकडे मात्र रोज रात्री चमचाभर चूर्ण घेणारी माणसे घरोघरी आहेत. त्यात बहुधा सोनामुखी असते. ती आतड्याला जोराने हलवते; काही दिवसांपुरती ठीक, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतली की जुलाब होऊन अंगातले पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकते. इसबगोल त्यामानाने सौम्य, मात्र पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा. त्याआधी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पुरेसे पाणी. जालन्याची मोसंबीही रस काढून नव्हे, फोडी करून खावी. चोथा त्यातच असतो. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि थायरॉइडचा आजार यांनीही शौचाला घट्ट होते. पन्नाशीनंतर नव्याने त्रास सुरू झाला, शौचातून रक्त गेले किंवा वजन उतरले, तर तपासणी आधी.

पोटात जोराचे दुखत असेल तर रेचक घेऊच नये. १९२४च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात गांधीजींचे पोट दुखू लागले. कारण निघाले सुजलेले आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स. अशा वेळी पोट साफ नाही असे समजून एरंडेल घेतले, तर ते फुटण्याचा धोका वाढतो. निसर्गोपचारावर एवढी भिस्त असलेल्या गांधीजींनी इथे शस्त्रक्रियेला संमती दिली. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ती केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ५ फेब्रुवारीला, अजून रुग्णालयात असतानाच, सरकारने त्यांची सुटका केली.