पत्रांना उत्तर देणारा माणूस

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण. पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ सालचे ‘भारतरत्न’ हे सारे आपण शाळेतच पाठ केलेले असते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ मात्र पाठ्यपुस्तकाच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. र. धों. कर्वे यांनी जो विषय आयुष्यभर हाती धरला, तो आपण आजही मोठ्याने बोलत नाही, हेच त्याचे कारण असावे. म्हणून यंदाच्या अंकासाठी मी त्यांचेच चरित्र निवडले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातील मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. संततिनियमनाचा ध्यास त्या दुःखातूनच उपजला असे म्हणण्याचा मोह होतो. पण मनातले धागे इतक्या सहज उलगडत नाहीत. एवढे खरे की, बाळंतपणात स्त्रिया मरतात, ही त्यांच्या दृष्टीने ऐकीव गोष्ट नव्हती. मुलगा बुद्धीने तल्लख. पुढे १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि गणिताचे अध्यापक बनले. गणिताच्याच अभ्यासासाठी १९१९ साली ते पॅरिसला गेले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला, तोही त्याच वर्षी! विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाने असल्या विषयावर उघडपणे बोलावे व लिहावे, हे चालकांना रुचले नाही आणि रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली. पगार गेला, काम राहिले. पत्नी मालतीबाईंनी या कामात समजून-उमजून साथ दिली. मूल होऊ द्यायचे नाही, हा त्या दोघांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

संततिनियमनामुळे रघुनाथराव प्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध, झाले; पण त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मला आपल्या वयाच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ नावाचे पुस्तक त्यांनी लिहिले. त्या काळी उपदंशाची बाधा म्हणजे केवढी भीती! त्याचा जंतू १९०५ साली सापडला होता, १९०६ साली वासरमान यांनी रक्ताची चाचणी शोधली होती आणि १९१० पासून एर्लिक यांचे सोमलयुक्त औषध मिळत होते. पण ते त्रासदायक होते. पेनिसिलीनने हा रोग बरा होतो हे कळायला १९४३ साल उजाडले. म्हणजे रघुनाथराव लिहीत होते तेव्हा रोग होऊ न देणे आणि झाल्यास वेळीच तपासून घेणे, हाच खरा मार्ग होता. त्यांनी या प्रश्नाकडे पापपुण्याच्या नव्हे, तर आरोग्याच्या नजरेने पाहिले. जंतूला नीती-अनीती कळत नाही, हे गणिताच्या प्राध्यापकाला सहज पटणारे होते; समाजाला मात्र ते पटत नव्हते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यातील वाचकांची पत्रे आणि रघुनाथरावांची उत्तरे हा माझ्या मते मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकार आहे. जे वडिलांना विचारता येत नाही, मित्राला सांगितले तर चेष्टा होते आणि ज्याच्यासाठी ओळखीच्या डॉक्टरची पायरी चढवत नाही, ते लोक या माणसाला लिहून विचारीत. रघुनाथराव ठावे तेवढे सरळ सांगत.

या सरळपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, तो तर वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दलच. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक शिक्षण हाच मासिकाचा विषय असेल, तर वाचकाच्या शंकेला उत्तर देणे हा गुन्हा कसा? शंका विकृत वाटली, तरी विकृतीवर ज्ञानावाचून दुसरा उपाय कोणता? असा त्यांच्या बचावाचा रोख होता. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. दंड भरून रघुनाथराव पुन्हा पुढच्या अंकाच्या कामाला लागले.

हे सारे जुने झाले, आता कोण असे घाबरते, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी वसतिगृहातील माझ्या एका मित्राचा एका मुलीशी शरीरसंबंध आला. आठवड्याभरात त्याच्या जननेंद्रियावर दोन-तीन दुखरे, पाणी भरलेले फोड उठले. तो मेसमध्ये जेवायला येईना, ताट-तांब्या वेगळा ठेवू लागला. स्टेशनजवळच्या भिंतीवरील ‘खात्रीशीर इलाजा’च्या जाहिरातीचा नंबर त्याने वहीत उतरवून घेतला होता. मला कळले तेव्हा परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि त्याने पुस्तक उघडलेले नव्हते.

आम्ही सरकारी रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गेलो. डॉक्टरांनी प्रवचन दिले नाही. संबंध कधी आला, फोड कधी उठले, दुखतात का, एवढे विचारले. कापसाच्या काडीने ताज्या फोडातील स्राव घेतला, कारण हर्पिसची खात्री अशाच नमुन्यावरून उत्तम होते. फोड वाळला की संधी जाते. रक्तातील प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी तीन महिने लागतात, म्हणून घाईने केलेली रक्ततपासणी खोटा दिलासा देऊ शकते, हेही समजावले. उपदंश आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतले आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले.

अहवाल हर्पिसचाच आला. मित्र खचला. पण डॉक्टरांनी सांगितलेली माहिती त्याला हळूहळू पचली. हा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, पुरता जात नाही. परंतु असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी फोड लवकर बरे होतात आणि पुन्हा उठणेही बहुधा कमी होत जाते. तो ताट-तांब्यातून नव्हे, त्वचेच्या निकट संपर्कातून पसरतो. फोड असताना संबंध टाळावा. निरोधने धोका कमी होतो, शून्य होत नाही. जगात कोट्यवधी लोकांच्या शरीरात तो आहे आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नाही. त्या मुलीलाही हे सांगणे त्याचे कर्तव्य होते. त्याने ते केले. परीक्षेलाही तो बसला.

त्या पंधरवड्यात मला एक गोष्ट उमगली. मित्राला फोडांनी जितके छळले, त्याहून अधिक छळले ते कोणाला विचारावे या प्रश्नाने. रोगावर गोळी होती. लाजेवर उत्तर देणारा माणूस हवा होता. रघुनाथरावांनी १९२७ पासून हेच तर केले. भीतीला त्यांनी पत्ता दिला, जिथे ती लिहून पाठवता येईल.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. सव्वीस वर्षे एकहाती चालविलेले मासिक त्यांच्यामागे चालविणारे कोणी उरले नाही. सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यांच्या कामातील एक भाग राजमान्य झाला. दुसरा भाग, म्हणजे चारचौघांत न विचारता येणाऱ्या प्रश्नाला न हसता, न रागावता उत्तर देणे, तो अजून आपल्याकडेच राहिला आहे. वसतिगृहात, वर्गात, प्राध्यापकांच्या खोलीत तो कोणालाही करता येण्याजोगा आहे. त्याला मासिक लागत नाही आणि आता दंडही होत नाही.