पावलांनी मोजलेली सरोवरे

कुमाऊँच्या उत्तर सीमेजवळ, गोरी नदीच्या उगमापाशी, मिलम नावाचे एक गाव आहे. येथील लोकांचा पूर्वी तिबेटशी व्यापार असे. उन्हाळ्यात बर्फ वितळून खिंडी मोकळ्या झाल्या की ते धान्य व कापड घेऊन पलीकडे जात आणि मीठ व लोकर घेऊन परत येत. अशा या गावी १८३० साली नैनसिंह रावत यांचा जन्म झाला.

पंचविशीत असताना श्लागिंटवाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर प्रवास करण्याची संधी नैनसिंहांना लाभली. मानससरोवर त्यांनी तेव्हाच पाहिले आणि मोजणीच्या यंत्रांचीही त्यांना ओळख झाली. पुढे ते मिलमच्या शाळेत शिक्षक झाले. त्यामुळे लोक त्यांना पंडित म्हणू लागले व हेच नाव त्यांना जन्मभर चिकटले.

त्या काळी तिबेटचा नकाशा बहुतेक कोराच होता. परकीयांना त्या देशात प्रवेश नव्हता. हिंदुस्थानातील इंग्रज सरकारला मात्र तेथील वाटा, नद्या व सरोवरे जाणून घ्यावयाची होती. ही इच्छा केवळ ज्ञानाची नव्हती, तीत राजकारणही होते. तिबेटी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने असे काम म्हणजे उघड हेरगिरीच होती आणि पकडला गेलेल्या माणसाच्या जिवाची शाश्वती नव्हती. अशा कामासाठी कॅप्टन माँटगोमेरी यांनी १८६३ साली नैनसिंह व त्यांचे चुलतभाऊ मणीसिंह यांना निवडले. डेहराडून येथे दोन वर्षे त्यांचे शिक्षण चालले.

हे शिक्षण मोठे विलक्षण होते. चढ असो, उतार असो वा खडकाळ वाट असो, प्रत्येक पाऊल सुमारे साडेएकतीस इंचांचेच पडले पाहिजे, असा सराव त्यांनी केला. अशी दोन हजार पावले चालली की एक मैल होई. बौद्ध यात्रेकरूंच्या जपमाळेत १०८ मणी असतात, नैनसिंहांच्या माळेत १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. माळ पूर्ण झाली म्हणजे दहा हजार पावले, अर्थात पाच मैल झाले. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद असत. कोणी वाटसरू जवळ येऊ लागला की पंडित चक्र फिरवीत मोठ्याने जप सुरू करीत. साधनेत मग्न असलेल्या यात्रेकरूला कोण हटकणार? काठीच्या पोकळीत उष्णतामापक आणि कवड्यांत पारा भरलेला असे. रात्री लाकडी वाडग्यात तो पारा ओतला की त्याचा सपाट, चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा होई. त्यातील ताऱ्याच्या प्रतिबिंबावरून सेक्स्टंट यंत्राने ताऱ्याची उंची व तीवरून त्या स्थळाचे अक्षांश काढता येत. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी उष्णतेवर उकळते. समुद्रकिनारी ते १०० अंशांवर उकळते, तर साडेचार हजार मीटर उंचीवर सुमारे ८५ अंशांवरच. म्हणून चहाच्या भांड्यात उष्णतामापक बुडविला की त्या ठिकाणाची उंची समजे.

या तयारीनिशी १८६५ साली ते नेपाळमार्गे तिबेटात शिरले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले. जवळचे पैसे संपले तेव्हा या शिक्षकाने तेथील नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून गुजराण केली. परतीच्या वाटेवर जूनमध्ये त्यांना मानससरोवर पुन्हा लागले. प्रथम ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आता पावलांनी तेथवरचे अंतर मोजले होते.

परंतु त्यांचा खरा मोठा प्रवास शेवटचा होय. १८७४ च्या जुलैमध्ये ते लेहहून निघाले. वेष यात्रेकरूचा, सोबत थोडे सेवक आणि ओझ्याला सव्वीस मेंढरे! मेंढरू चालता चालता चरते, त्याच्यासाठी चारा वाहावा लागत नाही. म्हणून त्या ओसाड पठारावर घोड्यापेक्षा तेच उपयोगी. प्रत्येकाच्या पाठीवर वीस-पंचवीस पौंडांचे ओझे होते. ल्हासाच्या आसपास पोहोचेपर्यंत त्यांतील जेमतेम चार-पाच उरली.

प्रथम पांगाँग सरोवर लागले. ते वळसे घेत दूरवर पसरले आहे. पूर्वेच्या टोकास त्याचे पाणी गोडे आहे आणि पश्चिमेकडे ते खारट होत जाते. पूर्वेकडून येणारे गोडे पाणी पश्चिमेकडे सरकते, पण तेथून बाहेर पडावयास वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पुढच्या पठारावर अशी सरोवरे एकामागून एक येत गेली. कित्येकांच्या काठी मिठाचे पांढरे पट्टे होते. झाड दृष्टीस पडत नव्हते. मधूनच मेंढपाळांचे तंबू, रानगाढवांचे कळप आणि अखंड बोचरा वारा. जळणाला वाळलेले शेण! दिवसभर मणी ओढावयाचे आणि रात्री इतर झोपले की थंडीने बधिरलेल्या बोटांनी पाऱ्याचे वाडगे मांडावयाचे. एक मणी चुकला तर शंभर पावले चुकणार आणि तपासून पाहावयास दुसरा माणूस कधी येईल याचा नेम नव्हता. दांग्रा युम या पवित्र सरोवराच्या काठी त्यांना जवाची शेते दिसली, तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांनी नांगरलेली जमीन पाहिली.

नोव्हेंबरात नामत्सो सरोवराच्या काठाने येऊन ते १८ तारखेला ल्हासास पोहोचले. तेथे लेहचा एक ओळखीचा व्यापारी भेटला. बिंग फुटण्याची भीती निर्माण झाली. दोनच दिवसांत पंडितांनी निर्णय घेतला. आतापर्यंतची निरीक्षणे दोन सेवकांबरोबर लेहकडे रवाना केली. आपण पकडलो गेलो तरी सरोवरांची मोजणी वाचावी, हा हेतू. मग जड सामान मागे ठेवून, उत्तरेकडील मठाच्या यात्रेस जातो असे भासवून ते निघाले आणि अंधार पडताच दक्षिणेकडे वळले. तवांग येथे त्यांना सुमारे दोन महिने अडकून पडावे लागले. अखेर १ मार्च १८७५ रोजी ते आसामात उदालगुडी येथे उतरले. लेहपासून सुमारे १,४०० मैल त्यांनी मोजले होते. त्या वाटेचा फार मोठा भाग त्यापूर्वी कोणत्याही नकाशावर नव्हता.

रात्रीच्या निरीक्षणांनी व बर्फावरील उन्हाने त्यांची दृष्टी अधू झाली. त्यानंतर ते मोहिमेवर गेले नाहीत, नव्या माणसांना शिकवीत राहिले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय डाक विभागाने त्यांचे तिकीट काढावयास मात्र २००४ साल उजाडले.