अबुल कासिम अज-जहरावी (रह.) : खतन्याची कात्री घडविणारे शल्यचिकित्सक

इ. स. ९३६ मध्ये अंदलूसचे खलीफा अब्दुर्रहमान तृतीय यांनी कुर्तुबा शहराच्या पश्चिमेस, डोंगराच्या उतारावर, एक नवे राजनगर वसविण्यास आरंभ केला. आजच्या स्पेनमधील कॉर्डोबापासून हे स्थळ सुमारे आठ किलोमीटरवर आहे. या नगराचे नाव मदीनतुज-जहरा. त्याच सुमारास त्या परिसरात एका अन्सारी घराण्यात एक मूल जन्मास आले. त्यांचे नाव खलफ बिन अब्बास, कुनियत अबुल कासिम आणि गावावरून पडलेली ओळख अज-जहरावी. मक्केहून हिजरत करून आलेल्यांना ज्यांनी आपल्या घरात जागा दिली, त्या मदीनेच्या अन्सारांशी या घराण्याचा वंशसंबंध सांगितला जातो.

त्यांच्या चरित्राची साधने फार तुटपुंजी आहेत. त्यांच्या निधनानंतर काही दशकांनी अल-हुमैदी यांनी अंदलूसच्या विद्वानांची चरित्रे लिहिली. त्यांत जहरावींना अवघ्या काही ओळी मिळाल्या आहेत आणि त्या ओळींत धर्मशीलता, सद्गुण व विद्या या तिन्हींचा उल्लेख आहे. इब्न हज्म यांच्यासारख्या कठोर टीकाकारानेही त्यांच्या ग्रंथाची थोरवी मान्य केली. बाकी त्यांचे गुरू कोण, संसार कसा होता, दिवस कसे गेले, याविषयी इतिहास मौन बाळगतो. सुदैवाने माणूस आपल्या ग्रंथात सापडतो. जहरावींचा ग्रंथ तर त्यांच्या हाताच्या ठशांनी भरलेला आहे.

त्या ग्रंथाचे नाव ‘अत-तसरीफ’. पूर्ण नावाचा आशय असा की, ज्याला स्वतः ग्रंथरचना करणे शक्य नाही त्याच्यासाठी केलेले हे संकलन आहे. सुमारे पन्नास वर्षांच्या वैद्यकीय अनुभवानंतर, इ. स. १००० च्या सुमारास, तो पूर्ण झाला. त्याचे तीस भाग आहेत. औषधे, आहार, रोगनिदान असे विषय ओलांडत शेवटचा तिसावा भाग शस्त्रक्रियेकडे वळतो. त्याचे तीन खंड आहेत : डाग देणे, चिरफाड करणे आणि हाडे बसविणे. या भागात सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्या आहेत. कोणत्या कामास कोणते उपकरण, त्याची धार कशी, ते कशाचे घडवावे, हे लोहाराला समजेल अशा रीतीने तेथे दाखविले आहे. शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा एवढा मोठा सचित्र संग्रह त्याआधीचा उपलब्ध नाही.

आकृत्या काढण्यामागे एक व्यथा होती. आपल्या देशात शस्त्रक्रियेची विद्या जवळजवळ लोपली आहे, असे त्यांनी खेदाने नोंदविले आहे. शरीररचना न शिकता हाती शस्त्र घेणाऱ्यांचे प्रताप त्यांनी पाहिले होते. एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ चिरताना रक्तवाहिनी छेदली आणि ती तेथेच मरण पावली. दुसऱ्याने एका वृद्धाचा मूतखडा काढताना त्याचा जीव घेतला. ही उदाहरणे त्यांनी आपल्या शिष्यांसाठी लिहून ठेवली. शिष्यांना ते पुत्र समजून संबोधत आणि द्रव्याच्या लोभाने धोक्याची शस्त्रक्रिया पत्करू नका, असे बजावत. विद्येच्या नावाखाली अज्ञानाचा व्यापार करणाऱ्यांविषयी त्यांच्या लेखणीला दयामाया नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येऊ. तिसाव्या भागात एक प्रकरण मुलांच्या खतन्याविषयी आणि त्यात घडणाऱ्या चुकांच्या उपचाराविषयी आहे. अरबीत त्याला ‘ततहीर’, म्हणजे शुद्धी, असा शब्द त्यांनी योजला आहे. प्रारंभीच ते एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. यूनानी वैद्यांच्या ग्रंथांत खतन्याचा विधी सापडत नाही, कारण त्यांच्या धर्माचारात तो नव्हता. म्हणून या विषयात आपण जे लिहितो आहोत ते अनुभवातून मिळविलेले आहे. जालीनूस आणि बुकरात यांच्या मागे चालणाऱ्या त्या काळात हे विधान लहान नव्हे. खतना ही हजरत इब्राहीम (अ. स.) यांच्यापासून चालत आलेली सुन्नत आहे आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तिची गणना फितरतीच्या गोष्टींत केली आहे. सुन्नत आपली, मूल आपले; मग साधनही आपणच शोधले पाहिजे, ही जाणीव त्या प्रकरणाच्या मुळाशी दिसते.

त्या काळी खतना करणारे लोक होते हज्जाम आणि रक्त काढणारे. कोणी वस्तरा वापरी. कोणी भोक पाडलेल्या चकतीतून कातडी ओढून कापी. कोणी दोऱ्याने आवळून नखाच्या आधाराने छेद घेई. जहरावींनी या सर्व रीती स्वतः करून पाहिल्या आणि प्रत्येकीचा दोष नेमका दाखविला. पुढील कातडी दुपदरी असते. वस्तऱ्याने वरचा पदर कापला जातो आणि आतला तसाच राहतो. मग त्याच मुलाला त्याच वेदनेतून दुसऱ्यांदा जावे लागते. चकतीच्या भोकात इंद्रियाचा अग्रभागच शिरून कापला जाण्याचे भय. नखाच्या रीतीत शस्त्र निसटते. या साऱ्यांच्या तुलनेत कात्री आणि दोरा यांची जोडी त्यांना निर्दोष वाटली.

ही कात्री साधी शिंप्याची कात्री नव्हती. तिची दोन्ही पाती सारख्या धारेची आणि मूठ व पाते लांबीने सारखे असावे, असा त्यांचा आग्रह. असे असले म्हणजे हाताचा दाब वर आणि खाली सारखा पडतो आणि एकाच आवळण्यात छेद पुरा होतो. कात्रीहून मोलाचा मात्र दोरा. प्रथम कातडी मागे सारून आत साचलेला मळ स्वच्छ करायचा. मग ती पुढे घेऊन खुणेच्या जागी दुहेरी दोरा बांधायचा आणि त्याच्या किंचित खाली दुसरा. अंगठा व तर्जनी यांनी खालची गाठ पक्की धरून दोन्ही दोऱ्यांच्या मधून कापायचे. दोरा कातडीला चोहोबाजूंनी कुंपण घालतो आणि छेद त्या कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही. कापल्यानंतर थोडे रक्त वाहू द्यावे, त्याने सूज कमी येते. मग मऊ कापडाने टिपून सुक्या दुधीभोपळ्याची राख किंवा बारीक मैदा भुरभुरावा आणि वर गुलाबपाण्यात शिजवलेला अंड्याचा बलक ताज्या गुलाबतेलात घोटून, त्याची पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी.

मुलाच्या मनाचाही विचार त्या पानात आहे, आणि मला तो सर्वाधिक हृद्य वाटतो. मुलाला आनंदात ठेवावे. त्याला बसवू नये, समोर उभे करावे. कात्री आपल्या बाहीत किंवा पायाखाली अशी लपवावी की तिच्याकडे त्याची नजर जाणार नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर आज केवळ दोरा बांधायचा आहे, बाकीचे पुढे कधीतरी, अशी त्याची समजूत करून द्यावी.

येथे एक मदरशात शिकलेला माणूस म्हणून मला थोडे थांबावे लागते. एका आईने काहीतरी देते म्हणून मुलाला जवळ बोलावले, तेव्हा ती खरोखर काय देणार आहे याची प्रेषितांनी (सल्ल.) चौकशी केली आणि खजूर देण्याचा तिचा विचार नसता तर ते असत्य म्हणून लिहिले गेले असते, असे समजाविले. ही हदीस आपणा सर्वांना परिचित आहे. शस्त्र दृष्टिआड करणे हे दयेचे काम, त्यात शंका नाही. दुसऱ्या समजुतीबाबत मात्र मन कचरते. जहरावींपुढे बधिरीकरणाचे इंजेक्शन नव्हते. घाबरून हललेले मूल म्हणजे चुकलेला छेद, हे त्यांनी पाहिले होते. आज ते इंजेक्शन आहे, तेव्हा मुलाला गोड शब्दांत खरे सांगता येते.

या प्रकरणात आणखी एक निरीक्षण आहे. काही मुलांची कातडी जन्मतःच आखूड असते आणि त्यांना खतन्याची गरजच उरत नाही. अशी मुले आपण पाहिली आहेत, असे जहरावी लिहितात. आपल्या हनफी फिकहच्या ग्रंथांतही, फतावा आलमगीरीसह, अशा मुलाला सोडून देण्याची मुभा आहे. जाणकारांच्या मते ज्या अशक्त वृद्धाला हे सोसणार नाही, त्यालाही सोडून द्यावे, असे तेथे म्हटले आहे. वैद्य आणि फकीह यांचे हे मतैक्य लक्षात घेण्याजोगे आहे.

ग्रंथात अन्यत्र जहरावींनी एका खेड्याची हकीकत दिली आहे. तेथील पुरुषांना मोठी जखम झाली की रक्त थांबत नसे आणि ते मरण पावत. एका मुलाच्या हिरड्या नुसत्या चोळल्या तरी रक्त वाहू लागले आणि त्यातच तो गेला. आज ज्याला हिमोफिलिया म्हणतात, त्या कुळात उतरणाऱ्या विकाराच्या अगदी जुन्या वर्णनांपैकी हे एक मानले जाते. ज्या घरात मामाला किंवा थोरल्या भावाला असा रक्तस्राव झाला असेल, त्या घरातील मुलाच्या खतन्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. विकार आईकडून मुलाकडे येतो, म्हणून आजोळची चौकशी अधिक महत्त्वाची.

आमच्या कोरपना, राजुरा, जिवती या पट्ट्यात खतन्याच्या चालीरीती बव्हंशी दख्खनी आहेत. त्याचे कारण उघड आहे. राजुरा तालुका, ज्यातून पुढे कोरपना वेगळा झाला, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नवरदेवासारखा पोशाख, गळ्यात हार, पाहुण्यांना दावत, हे सारे तिकडचे. कामटीचा चिमटा, वस्तरा आणि जळक्या चिंधीची राख हे हज्जामाचे सामानही त्या परंपरेतलेच. त्या कारागिरांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. डॉक्टर नव्हते तेव्हा कित्येक पिढ्यांची सुन्नत त्यांनीच निभावली. पण ज्या दोषांसाठी जहरावींनी हजार वर्षांपूर्वी वस्तरा बाजूला ठेवला, ते दोष कामटीच्या चिमट्यालाही लागू आहेत. शिवाय एक भय असे आहे, जे जहरावींना ठाऊक असणे शक्य नव्हते. जंतूंचे ज्ञान एकोणिसाव्या शतकातले. एकाच पात्याने एकामागून एक मुलांचा खतना झाला तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही एकाच्या रक्तातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. पालक मशिदीत येतात, तारीख विचारतात, दावतीचा बेत सांगतात. पाते नवे आहे का, हे विचारणारा पालक क्वचितच भेटतो.

या भयावर उपाय म्हणून विसाव्या शतकात एकदाच वापरून फेकून देण्याची साधने निघाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिबेल नावाची प्लास्टिकची लहानशी कडी प्रचारात आली. कडी कातडीच्या आत, इंद्रियाच्या अग्रभागावर बसवितात, तिच्या खाचेवर बाहेरून दोरा घट्ट बांधतात आणि पुढची जादा कातडी कापतात. साधारण आठवड्याभरात कडी आपोआप गळून पडते. चीनमधून आलेल्या शांग रिंगमध्ये एकात एक बसणाऱ्या दोन कड्या असतात आणि दोऱ्याचे काम बाहेरची कडी करते. जहरावींच्या पानातून ही कल्पना थेट तेथे पोहोचली, असा दावा करण्याचे कारण नाही. तत्त्व मात्र तेच आहे : आधी आवळून सीमा आखा, मग कापा. जहरावींच्या साधनांत दोरा तेवढा एकदाच वापरला जाई, कात्री पुढच्या मुलासाठी राही. या साधनांत कडीही त्या एका मुलापुरतीच.

कडी आली म्हणजे सर्व सोपे झाले, असेही समजू नये. तिची मापे असतात, आणि चुकीच्या मापाची कडी अडकते किंवा इजा करते. आफ्रिकेतील मोहिमांत, कातडी लगेच न कापता कडीखाली अनेक दिवस सुकू देणाऱ्या एका साधनानंतर धनुर्वाताचे रुग्ण आढळले आणि जागतिक आरोग्य संघटनेला धनुर्वाताच्या लसीविषयी ताकीद द्यावी लागली. साधन प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातातच शोभते. शिकल्यावाचून शस्त्र धरणाऱ्यांविषयी जहरावींनी जे लिहिले, ते प्लास्टिकच्या कडीलाही तितकेच लागू पडते.

जहरावींची अखेरची वर्षे शांततेची नव्हती. १००९ मध्ये अंदलूसमध्ये यादवी पेटली. पुढच्याच वर्षी मदीनतुज-जहरा लुटली गेली. ज्या नगराने त्यांना नाव दिले, ते त्यांच्या हयातीतच उजाड झाले. इ. स. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांच्यावर कृपा करो.

ग्रंथ मात्र प्रवासास निघाला. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे टोलेडो, येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले. चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक गी द शोल्याक यांनी आपल्या ग्रंथात जहरावींचा आधार दोनशेहून अधिक वेळा घेतला. १४९७ मध्ये व्हेनिस येथे लॅटिन पाठ छापला गेला आणि १९७३ मध्ये अरबी मुळासह इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आपल्या देशात पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात या ग्रंथाचे एक जुने सचित्र हस्तलिखित जतन केलेले आहे. नकलाकारांनी आकृत्या आपापल्या हाताने काढल्यामुळे उपकरणांची रूपे प्रत्येक प्रतीत थोडी निराळी दिसतात. कात्रीची आकृती बदलली, तरी दोन्ही पाती सारखी असावीत, ही शेजारची सूचना मजकुरातून वाचता येते.