सा, रे, ग, म आणि लाहोरचे मराठी गुरुजी

शिक्षक-पालकहो, आपल्या नागभीडकडची किती तरी मुले घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. त्यांना स्वर शिकवताना विष्णू दिगंबर पलुस्करांना आठवा. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरुजी मराठी, गाव पंजाबी-उर्दूचं. पण 'सा'ला भाषांतर लागत नाही. त्यांनी स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. १९३१ मध्ये ते गेले. तुम्हीही स्वर आधी गाऊन घ्या, मग फळ्यावर लिहा. मराठीच्या तासाला गप्प बसणारं पोरगंही इथे सगळ्यांच्या बरोबरीने सुरुवात करतं.